सुट्या भागाची पुनर्घडण

घरगुती यंत्र भंगारात जाण्याचे कारण पुष्कळदा त्याची जळालेली मोटर हे नसून, बाजारात मिळेनासा झालेला एखादा लहानसा प्लॅस्टिकचा भाग हे असते. सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनच्या टायमरचा नॉब हे याचे परिचित उदाहरण होय. टायमरमधून बाहेर येणारा दांडा सहसा एका बाजूने सपाट केलेला असतो. नॉबच्या मागील नळीत त्याच आकाराचे भोक असते, आणि दोन्ही सपाट बाजू एकमेकींना टेकत असल्यामुळेच नॉब फिरवला की दांडाही फिरतो. ही नळी चिरली किंवा भोक झिजून गोल झाले, की नॉब नुसताच फिरत राहतो. स्कॅनिंग, संगणकीय आरेखन आणि थ्रीडी प्रिंटिंग यांच्या साहाय्याने असा भाग पुन्हा घडवता येतो. परंतु त्यासाठी आकाराची नक्कल पुरत नाही, त्या आकारामागचे कारण समजून घ्यावे लागते.

त्रिमितीय स्कॅनरच्या एका प्रचलित प्रकारात वस्तूवर प्रकाशाचे पट्टे टाकले जातात, पृष्ठभागाच्या चढउतारांमुळे ते कसे वाकतात हे कॅमेरा टिपतो आणि त्यावरून असंख्य बिंदूंची स्थाने काढली जातात. या बिंदूंच्या समूहाला बिंदुमेघ म्हणतात. ते बिंदू जोडून त्रिकोणांची जाळी विणली, की वस्तूचा पृष्ठभाग संगणकात उभा राहतो. चकचकीत, पारदर्शक किंवा गडद काळ्या वस्तूंवर मात्र हे पट्टे नीट उमटत नाहीत, आणि खोल, अरुंद भोकाच्या तळापर्यंत ते पोहोचतच नाहीत. नॉबचा सर्वांत महत्त्वाचा भाग तर तेच भोक असते. शिवाय स्कॅनर झीज आणि चीरही तितक्याच इमानाने टिपतो. सपाट भागांसाठी कागदपत्रांचा साधा स्कॅनरही उपयोगी पडतो. प्रति इंच 600 बिंदूंच्या स्कॅनमध्ये एक बिंदू सुमारे 0.04 मिलिमीटरचा असतो, आणि शेजारी मोजपट्टी ठेवल्यास चित्राचे प्रमाण पडताळता येते.

त्यानंतरचे काम आरेखनाचे असते. फ्रीकॅडसारख्या मोफत प्रणालीत स्कॅनचे चित्र पार्श्वभूमीला ठेवून त्यावर रेषा व वर्तुळे आखली जातात, व्हर्नियर कॅलिपरने घेतलेली मापे त्यांना दिली जातात आणि त्यांतून घनाकृती उभी केली जाते. येथे विवेकाची गरज असते: भोकाचे माप झिजलेल्या नॉबवरून न घेता, शाबूत असलेल्या दांड्यावरून घ्यावे लागते. मूळ नळी सपाट बाजूच्या टोकदार कोपऱ्यातून चिरली असेल, तर ताण तेथेच एकवटत होता हे उघड होते. नव्या आरेखनात तो कोपरा किंचित गोलसर करता येतो आणि नळीची भिंत जाड करता येते. अशा रीतीने प्रतिकृती मूळ भागाहून टिकाऊही होऊ शकते.

घरगुती प्रिंटर प्लॅस्टिकची तार वितळवून सुमारे 0.2 मिलिमीटर जाडीचे थर एकावर एक रचतो. छापलेली भोके आरेखनातील मापापेक्षा बहुधा थोडी लहान होतात, म्हणून आधी केवळ भोकाचा भाग असलेल्या लहान कड्या 6.0, 6.1, 6.2 मिलिमीटर अशा चढत्या मापांच्या छापून दांड्यावर बसवून पाहणे शहाणपणाचे ठरते. थरांमधील जोड हा छापील वस्तूचा कमकुवत दुवा असल्यामुळे नॉब उभ्या अक्षावर छापतात. त्यायोगे प्लॅस्टिकचे धागे भोकाभोवती वेढे घेतात आणि नळीला फुटण्यापासून रोखतात. साहित्याची निवडही तितकीच महत्त्वाची असते. पीएलए हे प्लॅस्टिक छापण्यास सोपे असले तरी सुमारे 60 अंश सेल्सिअसला मऊ पडते. पीईटीजी सुमारे 80 अंशांपर्यंत आणि एबीएस त्याहूनही अधिक उष्णता सोसते. अतिवेगाने फिरणारा मिक्सरचा कपलर, प्रेशर कुकरचा व्हॉल्व्ह किंवा गॅसजोडणीतील भाग मात्र घरी छापू नयेत, कारण तेथील बिघाड जिवावर बेतू शकतो.

हे तंत्र सामान्यांच्या हाती येण्यास 2005 साली ब्रिटनमधील बाथ विद्यापीठात एड्रियन बॉयर यांनी सुरू केलेल्या रेपरॅप या खुल्या प्रकल्पाने आणि 2009 मध्ये थर रचण्याच्या पद्धतीचे मूळ पेटंट संपल्याने मोठा हातभार लागला. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने 2002 सालीच फॅब लॅब, म्हणजे संगणक-नियंत्रित यंत्रांची खुली कार्यशाळा, उभी राहिली होती. तंत्राबरोबरच धोरणांचेही दुरुस्तीला पाठबळ मिळू लागले: फ्रान्सने 2021 पासून काही उपकरणांसाठी दुरुस्तीसुलभतेचा निर्देशांक दर्शवणे बंधनकारक केले, तर भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. एका नॉबचे आरेखन एकदा झाले, की त्याच मॉडेलच्या प्रत्येक ग्राहकाला ते उपयोगी पडते; म्हणूनच उत्पादन थांबवलेल्या मॉडेलच्या साध्या, धोकारहित भागांची आरेखने उत्पादकांनी स्वतःहून खुली करणे हा या हक्काचाच भाग मानला गेला पाहिजे.