हिंवाळ्यांत अंगणांतील झाडांची निगा

दिवाळी सरली आणि बालाघाटावरचें गार वारें उदगिरांत शिरलें, कीं आपण पेटींतील शाली व घोंगड्या बाहेर काढतों. परंतु अंगणांतील झाडांचा विचार थोड्याच घरीं होतो. ज्या देशांत बर्फ पडतो तेथें लोक लहान झाडांचीं खोडें गोणपाटानें गुंडाळून ठेवितात. आपल्याकडील थंडी तशी प्राणघातक नव्हे. आपल्या झाडांस थंडीपेक्षां आपल्या अज्ञानाचीच बाधा अधिक होते, हें आम्ही स्वानुभवानें सांगतों.

आमच्या दारीं एक आंबा आहे. त्यास फळ यावें म्हणून आम्हीं दोन हिंवाळे मोठ्या मायेनें न्हाणीचें पाणी रोज घातलें. झाड हिरवेंगार झालें, पण मोहोराचा एक तुराही दिसेना. अखेर तें तोडून टाकावें असें मनांत आलें. तेव्हां शेजारचे एक वृद्ध माळी म्हणाले, “मास्तर, लई पाजलंत त्याला, आता जरा तहानू द्या.”

त्या बोलण्यांत शास्त्र होतें. थंड रात्री व कोरडी जमीन यांमुळें आंब्याची पालवी थांबते आणि शेंड्यांत मोहोराचे डोळे तयार होतात. त्याच वेळीं भरपूर पाणी व खत मिळालें तर पुन्हां पालवीच फुटते. म्हणून फळत्या वयाच्या आंब्याचें पाणी पावसाळा संपतांच बंद करावें, आणि कैरी वाटाण्याएवढी झाली म्हणजे सुरू करावें. तिसऱ्या वर्षीं आमच्या आंब्यास मोहोर आला. कित्येक आंबे एका वर्षाआड फळतात, म्हणून सारें श्रेय आम्ही या उपायास देत नाहीं. पण कुऱ्हाड घातली असती तर मोहोर खास आला नसता.

हा नियम मात्र सर्व झाडांस लावूं नये. दोन-तीन वर्षांच्या रोपांस पाणी हवेंच. केळ व पपई यांस थंडी सोसत नाहीं. त्यांस संध्याकाळीं पाणी द्यावें, कारण ओली जमीन रात्रीं लवकर निवत नाहीं. वाऱ्याच्या बाजूस तुराट्यांचा कूड उभा करावा.

आतां जमिनीकडे पाहूं. आपली काळी माती वाळली कीं तिला भेगा पडतात, बारीक मुळें तुटतात व खोलवरची ओल उडून जाते. यासाठीं खुरप्यानें हलक्या हातानें भेगा बुजवाव्या आणि आळ्यांत चार बोटें जाडीचा पाचोळा पसरावा. तो खोडापासून वीतभर दूर असावा, नाहीं तर साल कुजते. झाडून गोळा केलेलीं पानें पेटवून देणें म्हणजे झाडाचें अन्न व पांघरूण दोन्ही जाळणें होय. इ. स. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें लातुरास पाणी आणावें लागलें, हें आपण विसरलों नाहीं. मार्गशीर्षांत राखलेली ओल वैशाखांत घागरीच्या मोलाची होते.

लिंबू-मोसंबीच्या खोडांतून डिंक गळत असल्यास तो खरवडून बोर्डो मलम लावावें. १०० ग्रॅम मोरचूद व १०० ग्रॅम कळीचा चुना अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यांत निरनिराळे भिजवून मग एकत्र करावे. भांडें लोखंडी नसावें. मोरचूद विषारी आहे, म्हणून हें काम वडील माणसांनींच करावें. या औषधाचा जन्म मौजेचा आहे. फ्रान्सांतील बोर्डो भागांत वाटसरूंनीं द्राक्षें तोडूं नयेत म्हणून मळेवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत. त्याच वेली रोगापासून वांचल्या, हें मिलार्दे या शास्त्रज्ञानें हेरलें, आणि इ. स. १८८५ मध्यें हा उपाय जगापुढें ठेविला.

प्रभु येशूनें सांगितलेला अंजिराचा दाखला येथें आठवतो. धनी म्हणतो, तीन वर्षें फळ नाहीं, झाड तोडून टाक. माळी विनवितो, आणखी एक वर्ष थांबा. मी भोंवतीं खणून खत घालीन. विद्यार्थिमित्रहो, आपल्या दारच्या झाडासाठीं तुम्ही तो माळी व्हा. आणि पालकांस आमची नम्र विनंति इतकीच, कीं कांहीं मुलांचा मोहोरही उशिरां येतो. तोंवर कुऱ्हाड दूर ठेवावी आणि खुरपें हातीं घ्यावें.