नव्या डिस्का रिकाम्या कां राहतात?

ठाणें-बेलापूर रस्त्यानें ऐरोली-महाप्याकडे जातांना माहितीच्या कोठारांच्या इमारती दिसतात. अशा कोठारांत आपलीं छायाचित्रें नि हिशेब अनेक डिस्कांवर विभागून ठेवलेले असतात. जागा अपुरी पडली कीं नव्या डिस्का बसवितात. परंतु कित्येकदां जुन्या तुडुंब आणि नव्या रिकाम्या, असा प्रकार दिसतो. कल्याणच्या बारा डब्यांच्या लोकलला तीन डबे जोडले, तरी जिन्यासमोरील दाटी आपोआप ओसरत नाहीं, तसेंच हें.

‘सेफ’ ही प्रसिद्ध कोठारप्रणाली उदाहरणादाखल घेऊं. तिच्यांत प्रत्येक माहितीच्या सामान्यतः तीन प्रती तीन निरनिराळ्या सर्व्हरांवर असतात. कोणती प्रत कोठें, हें गणिती नियमानें ठरतें. त्यांत प्रत्येक डिस्कचें ‘वजन’, म्हणजे तिची धारणशक्ति, विचारांत घेतात. वजन शून्य नोंदलें असेल, तर त्या डिस्कवर कांहींच येत नाहीं. कामापुरती लावलेली स्थलांतरबंदी उठवावयाची राहिली असेल, तरीहि तेंच.

सर्वांत फसवें कारण निराळेंच आहे. समजा, सर्व्हर तीनच असून नव्या डिस्का एकाच सर्व्हरांत बसविल्या. प्रत्येक सर्व्हरावर एक प्रत हवीच. मग उरलेल्या दोहोंवरील भार हलणार कोठें? त्या सर्व्हरांतील जुन्या डिस्का हलक्या होतील, इतरांच्या नाहींत. यास्तव डिस्का तिन्ही सर्व्हरांत सारख्या वांटून बसवाव्या.

ही हयगय महाग पडते. मूळ मर्यादांप्रमाणें डिस्क ८५ टक्के भरतां इशारा मिळतो. ९० टक्क्यांस ती स्थलांतरित माहिती घेत नाहीं. ९५ टक्क्यांस लेखनच थांबतें, मग शेजारची डिस्क रिकामी का असेना! म्हणून कोठाराची क्षमता सरासरीवरून नव्हे, तर सर्वांत भरलेल्या डिस्कवरून जोखावी. २०१७ च्या आवृत्तीपासून ‘बॅलन्सर’ नांवाचा समतोल साधणारा भाग उपलब्ध आहे. तो चालू आहे ना, हें पाहावें.

स्थलांतर सुरू होतांच पडद्यावर ‘स्थानभ्रष्ट’ माहितीचा मोठा आंकडा दिसतो. त्यानें भिऊं नये. तिच्या प्रती पूर्ण असतात, केवळ जागा बदलावयाची असते. ‘न्यून’ असा शेरा आला, तर मात्र प्रती खरोखर कमी आहेत असें समजावें. अशा वेळीं घाईनें जुनी डिस्क उपसणें म्हणजे उरलेली प्रतहि पणास लावणें होय. स्थलांतराचा वेग फार वाढविल्यास नित्याचें काम मंदावतें. आधीं कारण शोधावें, मग एकेक बदल करावा, आणि कोठारास स्थिरावण्यास अवधि द्यावा.