शिकागो एका दिवसात

शिकागोत एकच दिवस हाताशी असेल तर गाडी भाड्याने घेऊ नका. ओहेअर विमानतळावरून ब्लू लाइन ट्रेन थेट डाउनटाउनमध्ये सोडते, पुढचं सगळं पायी होतं.

सकाळी लवकर मिलेनियम पार्क गाठा. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचं 'क्लाउड गेट' हे शिल्प गर्दीआधीच बघायचं. स्टीलचे 168 पत्रे जोडलेत, पण अगदी नाक लावून पाहिलं तरी सांधा दिसत नाही. कमानीखाली उभं राहून वर बघाच.

जवळच आर्ट इन्स्टिट्यूट. 11 सप्टेंबर 1893 रोजी स्वामी विवेकानंद याच इमारतीत बोलले. मला तिथे पाऊल ठेवताना भरून आलं होतं. आत सुरा आणि हॉपर या चित्रकारांची चित्रं आहेत, पण दोन तासांवर थांबू नका, नाहीतर दिवस तिथेच संपेल. सुट्टीचा वार आधी तपासा.

दुपार नदीसाठी राखा. दीड तासाची आर्किटेक्चर बोट मी उंच गच्चीवरच्या तिकिटापेक्षा कधीही आधी घेईन. बोटीतून 442 मीटरचा विलिस टॉवर दिसतो. नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधल्यासारखी त्याची रचना ढाक्यात जन्मलेल्या फझलुर रहमान खान यांची. आणि ही नदी उलटी वाहते! सांडपाणी मिशिगन तलावात, म्हणजे पिण्याच्या पाण्यात, जाऊ नये म्हणून 1900 मध्ये कालवा खणून तिचा प्रवाह फिरवला.

संध्याकाळी तलावाकाठी. मे महिन्यातही स्वेटर हवाच. डीप डिश पिझ्झा भाजायला पाऊण तास लागतो, तेव्हा भूक लागण्याआधीच ऑर्डर द्या.