धनी, चाकर आणि नळी

संगणकाचा एक प्रोग्राम दुसऱ्यास कामास लावूं शकतो. पहिल्यास आपण धनी व दुसऱ्यास चाकर म्हणूं. पायथन भाषेंत २००४ सालापासून ह्या कामीं 'सबप्रोसेस' हें साधन आहे. चाकराचें उत्तर धन्याकडे एका नळींतून येतें. लिनक्सवर ह्या नळींत सामान्यतः ६५,५३६ बाइट मावतात. धनी ती रिकामी न करितां चाकराचें काम संपण्याची वाट पाहत बसला, तर नळी भरतांच चाकरही अडतो व दोघेही खोळंबतात. म्हणून उत्तर येईल तसें वाचीत जावें, असें आम्ही विद्यार्थ्यांस आग्रहानें सांगतों. शेवटीं चाकर एक अंक ठेवून जातो: रूढीनें शून्य म्हणजे कार्यसिद्धि, अन्य अंक म्हणजे बहुधा बिघाड. तो न पाहतां उत्तरावर विसंबणें म्हणजे सही न पाहतां हुंडी वटविणें होय.