झिलई की लेप?

धातूच्या पृष्ठभागाला रूप आणि टिकाऊपणा देण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत वरचा खडबडीतपणा घासून काढून मूळ धातूच उजळला जातो, तर दुसरीत त्या धातूवर परक्या द्रव्याचा थर चढवला जातो. मराठी स्वयंपाकघरात या दोन्ही रीती एकाच भांड्यावर नांदत असत. पितळेचे पातेले बाहेरून चिंचेने घासून लख्ख ठेवले जाई, आणि आतून, जिथे आंबट पदार्थ कळकण्याची भीती असे, तिथे कल्हईवाल्याकडून कथलाचा थर देऊन घेतला जाई. स्पोर्ट्‌स कारच्या इंजिनाचे भाग पॉलिश करावेत की त्यांवर कोटिंग करावे, हा प्रश्नही याच जातीचा असून त्याचे उत्तर सबंध इंजिनासाठी एकच देता येत नाही. भाग कोणत्या धातूचा आहे, तो किती तापतो आणि त्याला काय लागते, यांवर ते ठरते.

याचे उत्तम उदाहरण ब्रिटनमधील जग्वार कंपनीच्या एक्सके इंजिनात सापडते. १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात हे इंजिन एक्सके १२० या स्पोर्ट्‌स कारबरोबर लोकांसमोर आले. ३,४४२ घन सेंटीमीटर क्षमतेच्या या सहा सिलिंडरांच्या इंजिनाच्या माथ्यावर दोन कॅमशाफ्ट, म्हणजे झडपांची उघडझाप करणारे दंड, बसवलेले होते आणि त्यांवरची ॲल्युमिनियमची लांबट झाकणे आरशासारखी झळकत होती, कारण बॉनेट उघडल्यावर दिसणारे यंत्रही देखणे असावे, असा कंपनीचे संस्थापक विल्यम लायन्स यांचा कटाक्ष होता. मात्र जळालेले वायू गोळा करून नळीकडे नेणाऱ्या बिडाच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर त्याच इंजिनात इनॅमलचा, म्हणजे धातूवर भट्टीत वितळवून बसवलेल्या काचेचा, काळा लेप होता. झाकणाला झिलई आणि मॅनिफोल्डला लेप, ही वाटणी नुसत्या शोभेसाठी नव्हती.

ॲल्युमिनियमला झिलई मानवते, याचे कारण त्याच्या रसायनात आहे. या धातूचा ताजा पृष्ठभाग हवेत येताच त्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, घट्ट थर तयार होतो आणि तोच आतल्या धातूचे रक्षण करतो. बिडाचे तसे नाही. त्याचा गंज सच्छिद्र आणि सुटणारा असल्यामुळे तो आतल्या लोखंडाला झाकत नाही, उलट पुढे पुढे खात जातो. त्यातच पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात चालू असताना बाहेर पडणाऱ्या वायूंचे तापमान ८०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकत असल्याने मॅनिफोल्ड घासून चमकवला, तरी ती चमक पहिल्या दूरच्या प्रवासापुरतीच टिकते. ॲल्युमिनियमचे कवचही अभेद्य नसते. मिठातील क्लोराइड त्याला बारीक खड्डे पाडते आणि कॉस्टिक सोड्यासारखी अल्कधर्मी द्रव्ये ते विरघळवतात. त्यामुळे मुंबई किंवा कोकण किनाऱ्यावरच्या दमट, खारट हवेत उघडे पॉलिश लवकर मंदावते, आणि इंजिनावरचे तेलकट डाग काढण्यासाठी तीव्र क्षारयुक्त द्रव वापरला, तर तासाभराची मेहनत काही मिनिटांत काळवंडते.

ही मेहनत म्हणजे काय, हे कॅम कव्हर, म्हणजे कॅमशाफ्टवरचे झाकण, जवळून पाहिल्यास कळते. वाळूच्या साच्यात ओतलेल्या झाकणावर वाळूच्या दाण्यांचा ठसा उमटलेला असतो. तो आधी कानशीने आणि १२० क्रमांकाच्या जाड पॉलिश पेपरने मोडावा लागतो. मग २४०, ४०० आणि ६०० असे क्रमाने बारीक पेपर वापरून प्रत्येक वेळी आधीच्या पेपरचे ओरखडे पुसले जातात, आणि शेवटी फिरत्या कापडी चाकावर मेणात कालवलेली बारीक अपघर्षक पूड लावून बफिंग केले जाते. यातला एक टप्पा गाळला, तर चकाकीच्या तळाशी रेघा तशाच राहतात, आणि चाक एका जागी जास्त दाबले, तर कडा गोलावतात आणि बोल्टभोवतीची बैठक झिजते. एवढे करूनही काम संपत नाही, कारण झिलई दर काही महिन्यांनी हाताने पुन्हा उजळावी लागते.

लेपांचे प्रकार अनेक असले, तरी उष्णतेनुसार त्यांची विभागणी सहज होते. पावडर कोटिंगमध्ये प्लास्टिकच्या जातीची कोरडी भुकटी विद्युतभाराच्या आकर्षणाने भागावर चिकटवून सुमारे १८० ते २०० अंशांवर भाजली जाते, आणि साधारण ६० ते १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सलग थर तयार होतो. कॅम कव्हरला हा लेप चालतो, पण मॅनिफोल्डवर तो जळून जाईल. तिथे इनॅमल किंवा सूक्ष्म सिरॅमिक कणांचा लेपच टिकतो, आणि त्यांतला सिरॅमिकचा लेप उष्णता नळीतच रोखून बॉनेटखालची हवा तुलनेने थंड ठेवण्यासही मदत करतो. ॲनोडायझिंग ही रीत लेप आणि धातू यांच्या सीमेवरची आहे, कारण तीत आम्लाच्या द्रावणातून वीज सोडून ॲल्युमिनियमचाच ऑक्साइड जाड केला जातो; परंतु ओतकामासाठी वापरल्या जाणाऱ्या, सिलिकॉन अधिक असलेल्या मिश्रधातूंवर तिचा रंग बहुधा करडा आणि डागाळ येतो.

लेपाचे यशापयश त्याखालच्या तयारीवर अवलंबून असते. जुन्या ओतीव भागाच्या छिद्रांत वर्षानुवर्षे मुरलेले तेल भट्टीत बाहेर पडले, की लेपाला फोड येतात, म्हणून असा भाग आधी नुसताच तापवून घेतला जातो. पृष्ठभाग खरखरीत करण्यासाठी मारलेल्या वाळूचा एखादा कण तेलाच्या वाटेत अडकून राहिला, तर तो पुढे बेअरिंग खरवडतो. आणि गॅस्केट, म्हणजे दोन भागांमधली गळती रोखणारी चकती, बसण्याच्या सपाट जागा झाकून ठेवल्या नाहीत, तर लेपाच्या जाडीमुळे तेलगळती सुरू होते. झिलई करून वर पारदर्शक लॅकर देणे हा मध्यम मार्ग अनेकांना सोयीचा वाटतो, पण तोच बहुधा सर्वांत कच्चा ठरतो, कारण गुळगुळीत धातूवर लॅकरची पकड ढिली असते. एका टवक्यातून ओल शिरली, की लॅकरखाली धाग्यासारख्या वळवळत्या पांढुरक्या रेघा पसरू लागतात आणि सगळा थर उतरवल्याशिवाय त्या काढता येत नाहीत.

इटलीत फेरारीने रूपाचा वेगळा मार्ग धरला. १९५६ च्या ५०० टीआर या शर्यतीच्या मोटारीच्या इंजिनावरची झाकणे तांबड्या रंगाने रंगवलेली होती, आणि टीआर ही अक्षरे ज्याची आद्याक्षरे आहेत, त्या ‘तेस्ता रोसा’ नावाचा अर्थच ‘तांबडे डोके’ असा आहे. अनेक फेरारींच्या झाकणांवर पुढे दिसणारा सुरकुत्यांचा रंग वरचा थर खालच्या थरापेक्षा आधी वाळल्यामुळे तयार होतो, आणि ओतकामातले बारीकसारीक दोष त्याच्या सुरकुत्यांत लपून जातात.

इंजिनाच्या आत गेल्यावर शोभेचा प्रश्न उरत नाही, तरीही दोन्ही रीती कामाला येतात. शर्यतीच्या इंजिनांतील कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारे दांडे, घासून गुळगुळीत केले जातात, कारण वारंवारच्या ताणाखाली तडा जातो तो बहुधा पृष्ठभागावरच्या ओरखड्यातून. उलट १९७३ च्या पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ मध्ये सिलिंडरांच्या आतल्या भिंतींवर निकासिल, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडचे कण असलेल्या निकेलचा लेप, दिला होता; त्यामुळे ॲल्युमिनियमच्या सिलिंडरात वेगळे लोखंडी अस्तर बसवण्याची गरज राहिली नाही आणि सिलिंडरांचा व्यास ८४ वरून ९० मिलिमीटरपर्यंत वाढवता आला.

म्हणून जुन्या स्पोर्ट्‌स कारचे इंजिन उजळायला घेताना भागागणिक निर्णय करणे शहाणपणाचे ठरते: कमी तापणारे, हात पोहोचणारे ॲल्युमिनियमचे भाग झिलईला, लोखंडी आणि फार तापणारे भाग उष्णता सोसणाऱ्या लेपाला, आणि अडचणीच्या जागी बसणारे, वरचेवर घासता न येणारे भाग पावडरला. शंका असेल, तिथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. फसलेला लेप रसायनाने किंवा बारीक वाळूच्या माऱ्याने उतरवता येतो, पण ओतीव भागावर उठून दिसणारा क्रमांक आणि कारखान्याची खूण एकदा घासली गेली, की त्यांच्याबरोबर तो भाग अस्सल असल्याचा पुरावाही जातो.