हवा काढली, तरी ब्रेक स्पंजीच?

पंधरा-वीस वर्षांच्या गाडीचं ब्रेक पेडल मऊ लागायला लागलं, की गॅरेजमध्ये पहिला उपाय ठरलेला: हवा काढा. बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. पण दोन-तीनदा हवा काढूनही पेडल तसंच राहिलं, तर आणखी ऑइल वाया घालवू नये, थांबून दोष शोधावा. इथे डोळ्यांसमोर झेन किंवा सुमोसारखी, पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेली गाडी आहे.

आधी पायाने तपासा

इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधला व्हॅक्यूम संपेल. पंप मारल्यावर पेडल वर येऊन कडक होत असेल, तर बहुधा मागच्या लायनरमध्ये गॅप वाढलाय. वर येऊनही स्प्रिंगसारखं दबत असेल, तर हवा आहे. पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली सरकत असेल, तर मास्टर सिलिंडर किंवा गळती. अशी गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका, टो करून न्या.

मागचे ड्रम

दोष इथे असूनही दुर्लक्ष होतं ते याच जागेकडे. सोपी परीक्षा आहे: हँडब्रेक पूर्ण ओढून पेडल दाबा. ते एकदम वर आणि घट्ट लागलं, तर चोर सापडला. ऑटो अ‍ॅडजस्टर गंजून अडकतात, कोकणातल्या दमट हवेत तर लवकरच. ड्रम उतरवून अ‍ॅडजस्टर साफ करा, व्हील सिलिंडरचा रबरी बूट उचलून आत ओल आहे का बघा. ड्रम लेथवर जास्त कापला असेल, तर नवा लायनर त्याला पूर्ण टेकत नाही. शू वाकतो आणि पेडल मऊच राहतं.

मास्टर सिलिंडर आणि होज

बाहेर थेंबही न गळता पेडल सरकत असेल, तर मास्टरमधले रबरी कप गेले. नट काढून मास्टर थोडा पुढे ओढा. मागून गळणारं ऑइल बूस्टरमध्ये जातं, बाहेरून दिसतच नाही. जुन्या गाडीची हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबू नये. रोजच्या वापरात कप जिथे पोहोचत नाहीत, तिथे गंज आणि गाळ साचलेला असतो. त्यावर घासून चांगला कपही फाटतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा.

होजसाठी दुसऱ्याला पेडल दाबायला सांगून पाइप मुठीत धरा. फुगलेला हाताला कळला, तर सगळे होज एकदमच बदला.

हवा निघतच नाही

कॅलिपर काढून बसवताना डावा-उजवा बदलला, तर हवा काढायचं निप्पल खाली येतं आणि वर अडकलेली हवा कधीच निघत नाही. निप्पल वरच्या टोकाला हवं. नवा मास्टर टाकताना आधी बाकावरच त्यातली हवा काढायची. चाकांचा क्रम गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे.

घाटातच मऊ होतं?

मग ऑइल बदला. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट 4 किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, 3.7 टक्के पाणी मुरल्यावर ही मर्यादा 155 अंशांवर येऊ शकते. लांब उतारावर ते उकळून वाफ होते, गाडी थंड झाल्यावर पेडल पुन्हा ठीक. दर दोन वर्षांनी पूर्ण ऑइल बदलावं. टाकीत चुकून इंजिन ऑइल गेलं असेल, तर रबर फुगतं. मग सगळी किट आणि होज नवीन टाकावी लागतात.