वर्गातला दंगा : कायदा आणि उपाय

लश्कर असो वा मुरार, शाळा सरकारी असो वा खासगी, ग्वाल्हेरमध्ये ६ ते १४ वर्षांच्या मुलाला छडी मारणे किंवा ‘मुर्गा’ बनवणे बेकायदा आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ मानसिक छळालाही मनाई करते. दोषी शिक्षकावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होते. कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढताही येत नाही.

मग दंगा आवरायचा कसा? ओरडून मुळीच नाही. शिकवणे न थांबवता दंगा करणाऱ्या मुलाच्या बाकाजवळ उभे राहावे, हळूच नाव घ्यावे, वह्या वाटायला द्याव्यात. समज द्यायची ती तास संपल्यावर, एकट्याला. गडबड रोजची असेल तर भूक, नीट न दिसणारा फळा, डोक्यावरून जाणारा धडा ही कारणे आधी तपासावीत. शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक पहिल्या दिवशी शांततेच्या खेळात सपशेल हरतो आणि दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगून तोच वर्ग जिंकतो. प्रत्येक शिक्षकाने हे पुस्तक वाचायलाच हवे.

मारहाण झालीच, तर पालकांना मध्य प्रदेश बाल अधिकार संरक्षण आयोगाकडे तक्रार करता येते.